सेस्ना १७२ वरून सिरस एसआर२२ वर: मालक-वैमानिकाने किती आणि कसलं ट्रेनिंग घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी इंजिनियरने सेस्ना १७२ वर प्रायव्हेट पायलट लायसन्स घेतलं आहे. साधारण १५० तास झालेत, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगात फक्त उपकरणांवर उडण्याचा परवाना, अर्ध्यावर आहे. आता वापरलेलं तिसऱ्या पिढीचं, म्हणजे जी३, सिरस एसआर२२ घ्यायचं आहे. कायद्याने फारसं काही लागत नाही, विमानाला पॅराशूट आहे, ऑटोपायलट आहे, काचेचं पॅनेल, म्हणजे गोल घड्याळांऐवजी स्क्रीन, आहे. मग वेगळं ट्रेनिंग खरंच किती लागतं, आणि एकदा घेतल्यावर पुढे काय?

माझं उत्तर: सुरुवातीला १० ते १५ तास, तेही सिरसने प्रमाणित केलेल्या इन्स्ट्रक्टरबरोबर, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी एक दिवस, विमान तुमच्याकडे असेपर्यंत. यातला दुसरा भाग लोक गाळतात आणि खरी अडचण तिथेच आहे. एअरलाइनच्या वैमानिकाला ठराविक महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवून तपासलं जातं. मालक-वैमानिकाला दोन फ्लाइट रिव्ह्यूंच्या मध्ये तपासणारं कोणीच नसतं. त्यामुळे तपासणी स्वतःच लावून घ्यावी लागते, आणि ती आकड्यांवर लावावी लागते.

आधी कायदा काय मागतो ते पाहू. अमेरिकेत एसआर२२ ला टाइप रेटिंग, म्हणजे त्या एकाच मॉडेलसाठीचा वेगळा परवाना, लागत नाही. इंजिन ३१० हॉर्सपॉवरचं असल्याने, म्हणजे २०० च्या वर, हाय-परफॉर्मन्स एंडॉर्समेंट लागतं. इन्स्ट्रक्टर समाधानी झाला की लॉगबुकात सही करतो, त्याला किमान तासांची अट नाही. जुन्या एसआर२० चं इंजिन बरोबर २०० हॉर्सपॉवरचं, त्याला तेवढंही लागत नाही. पुढे दर २४ महिन्यांनी फ्लाइट रिव्ह्यू: किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत. प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग. ढगात जायचं तर गेल्या सहा महिन्यांत उपकरणांवर धावपट्टीकडे येण्याचे सहा अ‍ॅप्रोच, होल्डिंग (ठरल्या जागी घिरट्या), आणि ठरलेला मार्ग पकडून धरून ठेवणं. एवढं केलं की कागद पूर्ण. आता विचार करा, ८९ दिवस घरी बसून नव्वदाव्या दिवशी कुटुंबाला घेऊन १७० नॉटच्या विमानात निघणारा माणूस कायद्याने चोख असतो. तो तयार असेलच असं नाही.

काचेच्या पॅनेलने हा फरक मिटेल अशी सुरुवातीला सगळ्यांची समजूत होती. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघात चौकशी मंडळाने, २०१० मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ या काळात बनलेल्या एक-इंजिनी हलक्या विमानांची तुलना केली: काही काचेच्या पॅनेलची, काही जुन्या गोल घड्याळांची. काचेच्या पॅनेलवाल्यांचे एकूण अपघात कमी निघाले, पण प्राणघातक अपघातांचा दर जास्त निघाला. ही विमानं लांबच्या प्रवासाला, वाईट हवामानात, इन्स्ट्रुमेंटवर जास्त जात होती, हे त्यातलं एक कारण. दुसरं कारण ट्रेनिंगचं: पॅनेल बदललं, पण शिकवणं आणि तपासणं त्याप्रमाणे बदललं नव्हतं. बोर्डाने शिफारशी केल्या त्याही त्याच अंगाने.

सिरसचा प्रवास याला नीट जुळतो. एसआर२० ला १९९८ मध्ये मान्यता मिळाली, एसआर२२ ला २००० मध्ये. पहिल्या दहाएक वर्षांत, एवढ्या सुरक्षित विमानाकडून अपेक्षा होती तसे अपघाताचे आकडे खाली आले नाहीत. मग कंपनीने आणि मालकांच्या संघटनेने, कोपाने, ट्रेनिंगवर जोर दिला: ठरलेले वेग, ठरलेली चेकलिस्ट, प्रमाणित इन्स्ट्रक्टर, आणि पॅराशूट कधी ओढायचं याचे स्पष्ट आकडे. २०१४ पर्यंत चित्र इतकं बदललं की त्या वर्षी पॅराशूटने वाचलेल्या घटना प्राणघातक अपघातांपेक्षा जास्त झाल्या. पॅराशूट पहिल्या विमानापासून होतंच. बदललं ते वैमानिकांचं शिक्षण. म्हणूनच मी या विषयावर एवढा आग्रही आहे.

आता ट्रेनिंगचा क्रम. पहिले दोन-तीन तास इंजिन सुरूच करू नका. विमान हँगरमध्ये, बाहेरून ग्राउंड पॉवर लावलेली, आणि तुम्ही पॅनेलवर. यासाठी तुम्ही कोणतं जी३ घेताय हे आधी कळायला हवं. २००८ च्या मध्यापर्यंतच्या जी३ मध्ये अ‍ॅव्हिडाइनचं पॅनेल, गार्मिन ४३० ची जोडी आणि बहुधा एस-टेक ५५एक्स ऑटोपायलट असतो. त्यानंतरच्या गार्मिन पर्स्पेक्टिव्ह पॅनेलमध्ये बहुधा जीएफसी ७०० ऑटोपायलट असतो. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, आत मात्र दोन वेगळी विमानं आहेत. एकावरचं ट्रेनिंग दुसऱ्यावर धरू नका, विमा कंपनीही धरत नाही. गोंदियाच्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेत डायमंड डीए४० वर शिकून आलेल्यांना जी१००० ची, म्हणजे पर्स्पेक्टिव्हच्याच कुळातल्या गार्मिन पॅनेलची, बटणं ओळखीची वाटतील. पण डीए४० हे शांत, माफ करणारं, कमी ताकदीचं विमान आहे. पॅनेल येतं म्हणजे एसआर२२ येतं, असं नाही.

पहिल्या उड्डाणात ऑटोपायलट बंदच ठेवा. साइड-योकला १७२ च्या कंट्रोलसारखी हवेची ओढ जाणवत नाही. स्प्रिंगचा ताण असतो आणि ट्रिम, म्हणजे हाताचा दाब काढून टाकणारी जुळणी, फक्त इलेक्ट्रिक. नवखा माणूस ट्रिम न लावता योक दाबून धरतो, दहा मिनिटांत मनगट दुखतं आणि उंची शंभर-दोनशे फूट इकडेतिकडे होते. सवय अशी लावा: आधी पॉवर, मग नाकाची पातळी, मग अंगठ्याने ट्रिम, आणि मग हात सैल. प्रोपेलरचा वेगळा लीव्हर नाही, एकाच लीव्हरवर थ्रॉटल आणि प्रोपेलर दोन्ही. त्याने काम सोपं होतं, पण मिक्श्चर, म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण, तुमच्याच हातात राहतं. हळू उड्डाण, पॉवर-ऑफ स्टॉल, पॉवर-ऑन स्टॉल (स्टॉल म्हणजे पंखाची उचल तुटणं) हे सगळं ४,००० फुटांच्या वर, इन्स्ट्रक्टरसह. पंखाच्या बाहेरच्या भागाची पुढची कड मुद्दाम खाली झुकवलेली आहे, त्यामुळे आतला भाग स्टॉल झाला तरी एलेरॉन (विमान कलवणारे पंखावरचे पट्टे) बराच वेळ काम करतात. यातून गैरसमज होतो की हे विमान स्पिनमध्ये, म्हणजे स्टॉल होऊन गरगरत खाली, जातच नाही. जातं. पॉवर-ऑन स्टॉलमध्ये ३१० हॉर्सपॉवर डावीकडे ओढतात आणि उजवा रडर कमी पडला की पंख खाली जातो. या विमानात स्पिनमधून बाहेर पडण्याचा मान्य मार्ग एकच आहे, पॅराशूट. १७२ वर शिकलेला उलट रडरचा क्रम इथे वापरण्यात वेळ घालवायचा नाही.

लँडिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण विमानं तिथेच मोडतात. डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने) ५०% फ्लॅप (पंखाच्या मागच्या झडपा) आणि १०० नॉट, बेसवर (धावपट्टीला आडवं) ९०, फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत) पूर्ण फ्लॅप आणि ८०, धावपट्टीच्या सुरुवातीच्या कडेवर ७७-७८. नेमके आकडे तुमच्या विमानाच्या पीओएचमधून, म्हणजे अधिकृत पुस्तिकेतून, घ्या, वजनानुसार थोडे बदलतात. १७२ वर ६५ ने येणाऱ्याला ८० मुळातच जास्त वाटतं, आणि भीतीपोटी तो त्यातही १० वाढवतो. थांबताना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: ७८ ऐवजी ९० ने आलात तर ऊर्जा एक तृतीयांशाने जास्त. पंख घोटीव आहेत, विमान खाली बसायला तयार नसतं, धावपट्टी पायाखालून सरकत राहते. मग वैमानिक नाक खाली ढकलून विमान ‘बसवतो’. पुढचं चाक आधी टेकतं, विमान उसळतं, तो पुन्हा नाक ढकलतो, दुसरी उसळी आणखी मोठी होते आणि तिसऱ्या वेळी प्रोपेलर जमिनीला लागतो. प्रोपेलर लागला म्हणजे नवा प्रोपेलर आणि इंजिन उघडून तपासणी, महिनोन् महिने विमान जमिनीवर.

यावर नियम एकच. पहिल्या उसळीला नाक आहे त्या पातळीत धरा, आणि लगेच सावरलं नाही तर पूर्ण पॉवर देऊन गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा चढणं. दुसरी उसळी सावरायच्या फंदात पडू नका. उलट बाजूची चूकही सांगतो: वेग ७० च्या खाली आणून, पॉवर पूर्ण बंद करून उंचावर फ्लेअर केला, म्हणजे टेकण्यासाठी नाक उचललं, तर विमान दगडासारखं पडतं आणि शेपटी घासते. पॉवर कडेवरून हळूहळू काढायची, एकदम नाही. नजर धावपट्टीच्या शेवटाकडे हवी.

हे आलं की नाही हे कसं ठरवायचं? प्रायव्हेट लायसन्सच्या चेकराइडला, म्हणजे अंतिम परीक्षेला, अ‍ॅप्रोचचा वेग १० नॉट वर किंवा ५ नॉट खाली चालतो आणि ठरवलेल्या खुणेपासून पुढे ४०० फुटांत टेकलं की पास. कमर्शियलला वेग ५ नॉटच्या आत आणि २०० फूट. एसआर२२ च्या मालकाने पहिल्या दिवसापासून कमर्शियलचं मोजमाप धरावं. दहापैकी आठ लँडिंग त्यात बसली, आणि उरलेली दोन तुम्ही स्वतःहून गो-अराउंड केलीत, की इन्स्ट्रक्टर सोडायला हरकत नाही.

गो-अराउंड हा वेगळा विषय म्हणून शिका. १७२ मध्ये तो सहज होतो म्हणून लोक इथे सराव करत नाहीत. जून २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळावर एक एसआर२० कोसळलं. मोठ्या विमानांच्या गर्दीत कंट्रोलरने वैमानिकाला पुन्हा पुन्हा गो-अराउंड करायला लावलं, धावपट्ट्या बदलल्या, वळणं दिली. शेवटच्या गो-अराउंडमध्ये सुरक्षित वेग येण्याआधीच फ्लॅप वर घेतले गेले, विमान स्टॉल होऊन स्पिनमध्ये गेलं आणि विमानतळाशेजारी पडलं. तिघेही गेले. एनटीएसबीने कारण म्हणून गो-अराउंडची चुकीची पद्धत नोंदवली, आणि कंट्रोल टॉवरच्या गोंधळाने वैमानिकावर कामाचा भार वाढला हेही नमूद केलं.

यांत्रिक बाजू अशी: पूर्ण फ्लॅप आणि अ‍ॅप्रोचची ट्रिम असताना पूर्ण पॉवर दिली की नाक जोरात वर आणि डावीकडे जातं. तेव्हा पॉवर पुढे नेतानाच उजवा पाय आणि तळहाताने नाकावर दाब. मग फ्लॅप १०० वरून ५०%. तिथे थांबायचं. विमान चढतंय हे दिसलं, अडथळे मागे गेले, आणि वेग एसआर२२ मध्ये ८०, एसआर२० मध्ये ८५ च्या वर गेला, की मगच ५० वरून शून्य. रेडिओवर बोलणं त्यानंतर. कंट्रोलर वळायला सांगत असेल तर ‘अनेबल’, म्हणजे ‘जमणार नाही’, म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. माझ्या मते आपल्याकडच्या वैमानिकांना हा शब्द मुद्दाम मोठ्याने म्हणायला शिकवावा लागतो, कारण अधिकाऱ्याला नाही म्हणायची आपली सवय नाही. तिसऱ्यांदा उतरता आलं नाही तर विमानतळाच्या क्षेत्रातून बाहेर पडा, उंची घ्या, पाच मिनिटं सरळ उडा, आणि जवळच्या शांत विमानतळावर जा.

वळणाचा हिशेबही हातात हवा. १०० नॉटला ३० अंश कलून १८० अंशांचं वळण घेतलं तर साधारण ३,००० फूट रुंदी आणि अठ्ठावीसेक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात १० नॉटचा वारा तुम्हाला पाचशेएक फूट ढकलतो. ऑक्टोबर २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवर बेसबॉलपटू कोरी लायडल यांचं एसआर२० असंच वळताना मॅनहॅटनमधल्या इमारतीवर आदळलं. सोबत इन्स्ट्रक्टर होता. कंट्रोल कोणाच्या हातात होते हे शेवटपर्यंत ठरलं नाही. वारा पूर्वेकडून, वळण पश्चिमेकडे, आणि नदीची पूर्ण रुंदीही वापरली नव्हती. विमानात काही बिघाड नव्हता. चौकशीत ठपका आला तो नियोजनावर, निर्णयावर आणि हाताच्या कौशल्यावर. हीच चूक रोज छोट्या रूपात बेसवरून फायनलला वळताना होते: मागून वारा, वळण पुढे गेलं, म्हणून जास्त कलणं आणि रडरने नाक ओढणं. ५०% फ्लॅपमध्ये स्टॉल पासष्टच्या आसपास धरला, तर ४५ अंश कलल्यावर तो ७७ वर येतो. बेसवर ३० अंशांपुढे कलायचं नाही. फायनल ओलांडली तर गो-अराउंड.

आता पॅराशूट, म्हणजे कॅप्स. ते एक मॅन्युव्हर आहे, आणि न सरावलेला मॅन्युव्हर वेळेवर होत नाही. आजवर शंभराहून अधिक वेळा ते उघडलं आहे. प्राण गेले ते मुख्यतः उशिरा ओढल्यामुळे, फार खाली किंवा भलत्या वेगात ओढल्यामुळे, आणि त्याहून जास्त, ओढलंच नाही म्हणून. जी३ मध्ये दाखवून दिलेला कमाल वेग १३३ नॉट आहे. सरळ उड्डाणात उघडायला सुमारे ४०० फूट उंची खर्च होते, एका फेऱ्याच्या स्पिनमधून ९२०. पाचव्या पिढीपासून विमान जड झालं, पॅराशूट मोठं झालं, आणि आकडेही बदलले: १४० नॉट, सरळ उड्डाणात ५६१ फूट, स्पिनमधून १,०८१.

यावरून टेकऑफचं ब्रीफिंग ठरतं, आणि ते प्रत्येक टेकऑफआधी मोठ्याने म्हणायचं. जमिनीपासून ५०० फुटांपर्यंत (जी५ आणि पुढे ६००) इंजिन गेलं तर समोरच उतरायचं. ५०० ते २,००० फूट: तत्काळ कॅप्स, विचार नाही, परत फिरण्याचा प्रयत्न नाही. २,००० च्या वर: ८८ नॉटचा ग्लाइड, टाकी बदल, फ्युएल पंप बूस्टवर, मिक्श्चर, ऑल्टरनेट एअर, इग्निशन, आणि २,००० फूट येईपर्यंत इंजिन आलं नाही किंवा धावपट्टी खात्रीने हातात नाही, तर कॅप्स. चढताना ५०० आणि २,००० हे आकडे तोंडाने पुकारायचे, आणि ५०० ला हात वरच्या हँडलच्या झाकणाकडे नेऊन दाखवायचा.

ओढायची कृतीही शिकावी लागते. इंजिन सुरू करण्याआधी सेफ्टी पिन काढलेली असली पाहिजे, ती चेकलिस्टमध्ये आहे. प्रसंगी झाकण काढायचं, हँडल दोन्ही हातांनी धरायचं, छातीजवळ कोपर आणून, बारला लोंबकळतो तसं सरळ खाली ओढायचं. झटका द्यायचा नाही, सलग ओढ. ४५ पौंडांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त जोर लागतो. एका हाताने, तिरकं ओढलं तर कमी पडतो. वेळ असेल तर आधी वेग कमी आणि मिक्श्चर बंद. उघडल्यावर मिक्श्चर, फ्युएल, मास्टर बंद, इएलटी (आपत्कालीन ठावठिकाणा सांगणारा ट्रान्समीटर) चालू, पट्टे घट्ट. विमान मिनिटाला १,७०० फुटांच्या आसपास वेगाने खाली येतं. सीट आणि लँडिंग गिअर तो धक्का घेण्यासाठी बनवले आहेत. टेकल्यावर वाऱ्याच्या उलट दिशेने बाहेर पडा, कारण वारा पॅराशूटसह विमान ओढत नेऊ शकतो. विमानात हे करून पाहता येत नाही. म्हणून खरं हँडल असलेल्या सिम्युलेटरमध्ये वर्षातून दोनदा तरी, इंजिन बंद पडणं, ढगात भान हरपणं, कंट्रोल अडकणं अशा वेगवेगळ्या प्रसंगांत ओढून पाहा. जानेवारी २०१५ मध्ये हवाईकडे निघालेल्या एसआर२२ मध्ये जादा टाकीतलं इंधन मुख्य टाक्यांत येईना. वैमानिकाने तटरक्षक दलाशी आधीच बोलून, जहाजाची जागा पाहून, ठरवून समुद्रावर पॅराशूट उघडलं आणि तो सुखरूप निघाला. उंची, वेग, जागा आधी ठरलेली असली की कॅप्स असं चालतं.

विमान वाचवायचा मोह मात्र मोठा असतो. स्वतःच्या मालकीचं, कर्ज काढून घेतलेलं, नुकतं रंगवलेलं विमान. ‘त्या शेतात उतरवीन’ असं वाटतं. शेतातल्या तारा, बांध, खड्डे १,५०० फुटांवरून दिसत नाहीत. इंजिन थांबलं त्या क्षणापासून ते विमान विमा कंपनीचं, असं मनाशी पक्कं करा. खरेदीच्या वेळी पॅराशूटच्या रीपॅकची तारीख बघा. दर दहा वर्षांनी ते बदलावं लागतं, खर्च मोठा असतो, आणि विकणारा तो तुमच्यावर ढकलतो.

ऑटोपायलटबद्दल एकच सवय पुरेशी आहे, पण ती रोजची हवी: बटण दाबल्यावर बटणाकडे न बघता वरची मोडची ओळ वाचा, मोठ्याने. एस-टेक ५५एक्स मध्ये व्हर्टिकल स्पीड देऊन चढायला लावलं आणि विमान तेवढं चढू शकत नसेल, तर तो नाक वर वर नेतो आणि वेग स्टॉलपर्यंत उतरू देतो. चढताना त्याच्यावर ठेवा तर ५०० फूट प्रतिमिनिटाच्या आसपास, आणि डोळा वेगावर. शिवाय तो टर्न कोऑर्डिनेटरवर चालतो. ते गेलं की ऑटोपायलट गेला. जीएफसी ७०० मध्ये आयएएस, म्हणजे ठरलेला वेग धरणारा, मोड आहे, चढाई त्याच्यावर करा. आयएलएसवर, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ संकेतांवर उतरताना, जुन्या ४३० च्या जोडीत सीडीआय (मार्गाची सुई) जीपीएसवरून व्हीलॉकवर, म्हणजे त्या रेडिओ संकेतावर, आणायचं विसरणं ही सर्वांत नेहमीची चूक. पर्स्पेक्टिव्हच्या निळ्या एलव्हीएल बटणाने विमान सरळ आणि समतल होतं. भान हरपलं तर पहिला हात तिथे, आणि त्याने भागलं नाही तर कॅप्स.

बाकी गोष्टी थोडक्यात. पुढचं चाक मोकळं फिरतं, वळणं ब्रेकवर. टॅक्सी करताना आरपीएम १,००० च्या आसपास ठेवा. जास्त पॉवर आणि सतत दाबलेला ब्रेक यामुळे ब्रेक तापून आग लागण्याचे प्रसंग या विमानात घडले आहेत. जी३ मध्ये दोन्ही पंखांतल्या इंधनातला फरक १० गॅलनच्या वर जाऊ द्यायचा नाही, दर अर्ध्या तासाने टाकी बदला. बर्फाबाबत, विमानावर टीकेएस (बर्फरोधक द्रव सोडणारी प्रणाली) आहे म्हणून ढगात जायचं नसतं. एफआयकेआय, म्हणजे ज्ञात बर्फात उडण्याची, मान्यता नसलेली प्रणाली चुकून सापडलेल्या बर्फातून बाहेर पडण्यापुरती आहे.

पहिल्या ५० तासांसाठी मर्यादा कागदावर लिहून विमानात ठेवा: आडवा वारा १० नॉट, धावपट्टी ३,५०० फुटांहून लहान नाही, रात्री नाही, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग झाल्यावरही ढगांचा तळ १,००० फुटांच्या खाली असेल तर निघायचं नाही. हा शेवटचा आकडा कॅप्समुळे आहे: पॅराशूटखाली ढगातून बाहेर आल्यावर खाली काय आहे ते दिसायला थोडी उंची उरली पाहिजे. मर्यादा इन्स्ट्रक्टरबरोबर उडून वाढवायच्या, पार्टीला पोचायचंय म्हणून नाही.

दर तीन महिन्यांचा दिवस असा: सकाळी सहा लँडिंग, त्यात दोन आडव्या वाऱ्यात आणि एक फ्लॅपशिवाय, दोन गो-अराउंड, त्यातला एक इन्स्ट्रक्टरने न सांगता, फ्लेअरमध्ये दिलेला, हळू उड्डाण, स्टॉलची सुरुवात, दोन अ‍ॅप्रोच, एक पूर्ण हाताने, आणि ५०० ते २,००० च्या मधल्या पॉवर-ऑफचा कॅप्स ड्रिल, तोंडी आणि हाताने, हँडल न ओढता. दुपारी डेटा. पर्स्पेक्टिव्ह एमएफडीच्या (उजव्या स्क्रीनच्या) वरच्या खाचेतल्या एसडी कार्डावर दर सेकंदाला वेग, कल, उंची, पॉवर नोंदवतो. फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि तीन गोष्टी बघा: धावपट्टीच्या कडेवरचा वेग, बेस ते फायनल वळणातला जास्तीत जास्त कल, आणि गो-अराउंडमधला कमीत कमी वेग. आठवणीत प्रत्येक लँडिंग ७८ ची असते, कार्डावर ती ८६ ची निघते. अ‍ॅव्हिडाइनच्या जुन्या पॅनेलवर नोंद एवढी सविस्तर नसते, तिथे इन्स्ट्रक्टरने आकडे लिहून घ्यावेत.

इन्स्ट्रक्टर निवडताना तो सीएसआयपी, म्हणजे सिरसने प्रमाणित केलेला इन्स्ट्रक्टर, आहे का, आणि तुमच्याच पॅनेलवर गेल्या सहा महिन्यांत त्याने शिकवलं आहे का, हे विचारा. वापरलेलं विमान घेणाऱ्यांसाठी कंपनीची एम्बार्क नावाची मोफत ट्रान्झिशनची सोय आहे. नोंदणीच्या अटी सौदा होण्याआधीच वाचून घ्या. विमा कंपनी बहुधा सीएसआयपीकडचं ट्रान्झिशन आणि वार्षिक उजळणी (रिकरंट) मागेल, पण ते किमान समजा. कोपाचा सीपीपीपी हा शनिवार-रविवारचा कार्यक्रम वर्षातून एकदा केलात तर तीन महिन्यांच्या एका दिवसाची जागा तो घेऊ शकतो.

आणि शेजारच्या सीटवर नेहमी बसणारी व्यक्ती, बहुधा तुमची बायको किंवा नवरा, तिलाही एका तासाचं ट्रेनिंग द्या: वैमानिक बेशुद्ध झाला तर आधी एलव्हीएल किंवा ऑटोपायलट, मग रेडिओवर १२१.५ ही आपत्कालीन फ्रिक्वेन्सी, पॉवर कमी, वेग १३३ च्या खाली, झाकण, दोन्ही हात, ओढ. हे तिने सिम्युलेटरमध्ये स्वतःच्या हाताने एकदा तरी केलेलं असावं, आणि प्रत्येक उड्डाणाआधी पिन काढलेली आहे हे तिनेच तपासावं.